पाश्चर आणि कापसात गुंडाळलेली द्राक्षं

आपल्या हॉस्टेलच्या मेसमध्ये रोज सकाळी दुधाच्या ज्या पिशव्या फोडल्या जातात, त्यांच्यावर एका माणसाचं नाव छापलेलं असतं. पाश्चराइज्ड! शाळेत इंग्रजीच्या रीडरमध्ये त्याचा एक धडा होता. कुत्रं चावलेला मुलगा, त्याची रडणारी आई आणि दाढीवाला शास्त्रज्ञ. त्यामुळे लुई पाश्चर म्हणजे दूध आणि पिसाळलेलं कुत्रं, एवढंच माझं ज्ञान होतं. आणि कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मराठीत तेवढंही लिहिता आलं नसतं, ते वेगळंच. (संपादक मंडळाने ऱ्हस्व-दीर्घ तपासून दिले, आभार!)

मागच्या सेमिस्टरला इंडस्ट्रियल व्हिजिटसाठी आम्ही नाशिकजवळच्या एका वायनरीत गेलो. स्टीलच्या उंच टाक्या, बाहेरून थंड ठेवणारं जॅकेट, तापमान दाखवणारे आकडे. आम्हाला वाटलं होतं, पायाने द्राक्षं तुडवणारे लोक दिसतील. दिसला तो आपल्यासारखाच प्लांट. तिथल्या प्रोडक्शनच्या सरांनी एक चकचकीत पाकीट दाखवलं. आत वाळवलेलं यीस्ट. हे रसात घालायचं, की रस आंबायला लागतो. मी विचारलं, पाकीट नव्हतं तेव्हा काय करायचे? ते हसले आणि म्हणाले की इटलीत, फ्रान्समध्ये काही लोक आजही पाकीट वापरत नाहीत. द्राक्षाच्या सालीवर आणि तळघरात जे यीस्ट आपोआप असतं, त्याच्यावरच सगळं सोडतात. सल्फाइट जवळजवळ नाही, गाळणं नाही. त्याला नॅचरल वाइन म्हणतात. आणि हे लोक म्हणे पाश्चरवर जरा रागावलेले असतात. त्याने जंतू शोधले, म्हणून वाइन बनवणं हे जंतू मारण्याचं काम झालं, अशी त्यांची तक्रार.

परत येताना बसमध्ये अंताक्षरी चालली होती, पण माझ्या डोक्यात हीच गोष्ट फिरत होती. मग लायब्ररीत बसून पाश्चरवर मिळेल ते वाचलं. आणि गंमत अशी, की पाकीटवाले आणि बिनपाकीटवाले, दोघंही त्याचेच निघाले. म्हणून हा लेख. कुत्र्याचा भाग थोडक्यात उरकणार आहे, तो सगळ्यांना माहीत आहे.

पाश्चरचा जन्म २७ डिसेंबर १८२२ चा, फ्रान्सच्या पूर्वेकडच्या ज्युरा भागात, दोल नावाच्या गावात. वडील नेपोलियनच्या सैन्यात सार्जंट होते, पदक मिळवलेले. युद्ध संपल्यावर त्यांनी कातडी कमावण्याचा धंदा धरला. लुई पाच वर्षांचा असताना कुटुंब आर्ब्वा या गावी आलं. घराच्या मागून नदी वाहायची, तिच्या पाण्यात कातडी धुवायची. आणि गावाच्या चारी बाजूंना द्राक्षमळे. आपल्याकडे सांगलीत किंवा निफाडला असतं तसं, सगळं गाव द्राक्षाच्या भावावर जगणारं. मुलाला चित्रं काढायचा नाद होता. आई-वडिलांची त्याने खडूने काढलेली चित्रं आजही जपून ठेवलेली आहेत आणि खरंच चांगली आहेत.

सोळाव्या वर्षाच्या आधीच वडिलांनी त्याला शिकायला पॅरिसला पाठवलं. तिथे हा इतका होमसिक झाला की काही आठवड्यांतच वडिलांना येऊन त्याला परत न्यावं लागलं. त्याला आठवण यायची ती घरातल्या कातड्याच्या वासाची. (आपल्या फर्स्ट इयरला आठवून बघा. मला तर आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टचीसुद्धा आठवण यायची.) पुढे त्याने घराजवळ बझाँसाँला शिक्षण घेतलं. १८४२ मध्ये विज्ञानाची पदवी-परीक्षा दिली, तेव्हा केमिस्ट्रीत शेरा मिळाला मध्यम. होय, केमिस्ट्रीत! ज्यांना या वर्षी केटी लागली आहे त्यांनी हे वाक्य कापून कपाटावर चिकटवायला हरकत नाही. त्याच वर्षी पॅरिसच्या एकोल नॉर्माल या नामांकित संस्थेत त्याची निवड झाली, पण नंबर खाली लागला म्हणून यानेच प्रवेश नाकारला, आणखी एक वर्ष अभ्यास केला आणि पुढच्या वर्षी वरच्या नंबराने आत गेला. ड्रॉप घेणं ही काही आजची गोष्ट नाही.

त्याचा पहिला शोधसुद्धा वाइनच्याच पिंपातून आला, हे मला माहीतच नव्हतं. वाइन पिंपात ठेवली की आतल्या बाजूला एक खडे खडे थर जमतो. त्यातून टार्टारिक आम्ल काढतात. याच आम्लाचं एक भावंड कारखान्यात सापडलं होतं. रासायनिक सूत्र तंतोतंत तेच, पण त्यातून प्रकाशाचा ध्रुवित किरण पाठवला तर पहिलं किरण फिरवतं आणि दुसरं फिरवत नाही. का, ते कोणालाच सांगता येत नव्हतं. १८४८ मध्ये पंचवीस वर्षांच्या पाश्चरने त्या दुसऱ्या आम्लाच्या क्षाराचे स्फटिक मायक्रोस्कोपखाली नीट पाहिले. त्यात दोन प्रकार होते, उजव्या आणि डाव्या हातासारखे, एकमेकांची आरशातली प्रतिमा. त्याने चिमट्याने एकेक स्फटिक उचलून दोन ढिगाऱ्या केल्या. एका ढिगाऱ्याच्या द्रावणाने किरण उजवीकडे फिरला, दुसरीच्या डावीकडे. एकत्र असताना दोघं एकमेकांना रद्द करत होते, एवढंच!

या विषयातले जुने जाणते होते बियो, वय ७४. त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी पाश्चरला आपल्या घरी बोलावलं, स्वतःचं रसायन दिलं आणि आपल्या डोळ्यांसमोर सगळं पुन्हा करायला लावलं. आमच्या एक्स्टर्नलपेक्षा भारी व्हायवा. रीडिंग बरोबर आल्यावर म्हातारबोवा इतके हेलावले की त्यानंतर मरेपर्यंत ते पाश्चरच्या पाठीशी उभे राहिले. यातून पाश्चरच्या मनात एक कल्पना घट्ट बसली. अशी डावी-उजवी निवड निसर्गात जिवंत गोष्टीच करतात. पुढच्या सगळ्या कामाचं बी इथे आहे.

१८४९ मध्ये स्ट्रासबुरला शिकवत असताना मारी लोराँ हिच्याशी लग्न झालं. तिने आयुष्यभर त्याच्या नोंदी लिहिल्या, त्याचं बोललेलं उतरवून घेतलं. चरित्रांत तिच्यावर फार थोडी पानं असतात. माझ्याही लेखात तेच होतंय, पण निदान लक्षात आलं.

१८५४ मध्ये तो लील या औद्योगिक शहरात विज्ञान विभागाचा डीन झाला. आणि डीन काय करायचा? मुलांना घेऊन फॅक्टऱ्या बघायला जायचा, अगदी शेजारच्या बेल्जियममध्येसुद्धा. म्हणजे इंडस्ट्रियल व्हिजिटचा शोध त्यानेच लावला म्हणायला हरकत नाही! १८५६ मध्ये त्याच्या एका विद्यार्थ्याचे वडील, बिगो नावाचे कारखानदार, त्याच्याकडे आले. ते बीटपासून अल्कोहोल काढायचे आणि त्यांच्या काही टाक्या बिघडत होत्या. अल्कोहोल कमी आणि आंबट वास जास्त. पाश्चर कारखान्यात जाऊन बसला. चांगल्या टाकीतल्या थेंबात मायक्रोस्कोपखाली गोल गोल कण दिसले. बिघडलेल्या टाकीत त्यांच्याऐवजी बारीक, लांबट, हलणाऱ्या काड्या.

आता त्या काळी मोठमोठे केमिस्ट काय मानायचे ते बघा. जर्मनीतले लीबिग म्हणायचे, आंबणं म्हणजे सडण्याचीच रासायनिक क्रिया. यीस्ट हा त्यातला मेलेला, कुजणारा पदार्थ, त्याच्या कुजण्याने साखर तुटते. यीस्ट जिवंत आहे असं म्हणणारे दोन-तीन जण होते, त्यांची चक्क थट्टा झाली होती. पाश्चरने उलटी बाजू घेतली. यीस्ट जिवंत आहे, तेच साखर खाऊन अल्कोहोल करतं. आणि प्रत्येक प्रकारच्या आंबण्याला आपापला जीव आहे. गोल असतील तर अल्कोहोल, काड्या असतील तर आम्ल.

माझी आजी रात्री दुधात विरजण लावते आणि आदल्या दिवशीचं दही चांगलं नसेल तर शेजारच्या काकूंकडून आणते. चांगलं विरजण, चांगलं दही. तिला लीबिगचं म्हणणं क्षणभरही पटलं नसतं. पण हे सिद्ध करायला पाश्चरला १८५७ पासून पुढची कित्येक वर्षं लागली. मधल्या काळात हंसाच्या मानेसारख्या वाकड्या नळीच्या चंबूचे ते प्रसिद्ध प्रयोग झाले. उकळलेला रस्सा त्यात ठेवला, हवा आत जाऊ दिली, पण धूळ मानेच्या वळणात अडकली, आणि रस्सा तसाच राहिला. जीव आपोआप तयार होत नाहीत, बाहेरून येतात. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे द्राक्षमळ्यात लागणार आहे.

१८६० मध्ये फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यात व्यापारी करार झाला आणि फ्रेंच वाइन इंग्लंडला जास्त जाऊ लागली. पण वाटेत, साठवणीत, ती बिघडायची. आंबट व्हायची, कडू व्हायची, कधी तेलासारखी चिकट व्हायची. १८६३ मध्ये बादशहा तिसरा नेपोलियन याने पाश्चरला याचा अभ्यास करायला सांगितलं. पाश्चरने प्रयोगशाळेसाठी कुठली जागा निवडली असेल? आर्ब्वा! १८६४ च्या सुगीत तो आपल्या काही विद्यार्थ्यांना घेऊन गावी आला आणि एका जुन्या कॅफेची खोली भाड्याने घेतली. गॅस नाही, नळ नाही. उपकरणं गावच्या सुताराने, लोहाराने, पत्र्याचं काम करणाऱ्याने बनवून दिली. लोकांना आधी वाटलं, पुन्हा कॅफेच उघडतोय. जे मित्र लहानपणी बरोबर खेळले होते, त्यांच्या तळघरांतून तो बिघडलेल्या बाटल्या गोळा करायचा. थोड्याच दिवसांत असं झालं की वाइन न चाखता, नुसता तळाचा एक थेंब मायक्रोस्कोपखाली धरून तो सांगायचा, ही आंबट आहे, ही कडू आहे. प्रत्येक रोगाचा जंतू वेगळा.

हे सगळं वाचताना एक गोष्ट फार टोचते. १८५९ मध्ये याच आर्ब्वात त्याची नऊ वर्षांची थोरली मुलगी टायफॉइडने गेली. १८६५ मध्ये वडील गेले आणि त्याच वर्षी दोन वर्षांची धाकटी मुलगी. १८६६ मध्ये बारा वर्षांची सेसील, पुन्हा टायफॉइड. त्याच वर्षी त्याचं वाइनवरचं पुस्तक बाहेर आलं. वाइनमध्ये तो ज्या अदृश्य शत्रूला शोधत होता, तसाच कोणीतरी घरात शिरून मुली नेत होता आणि त्याच्यावर त्याच्याकडे काहीही उपाय नव्हता. मग वाइनच्या बाबतीत तो इतका हट्टी का झाला, हे मला थोडं कळतं.

उपाय कोणता सापडला? बाटली बंद करून वाइन ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत थोडा वेळ तापवायची. त्याने आधी काही रसायनं घालून पाहिली, ती जमली नाहीत. आधी आप्पेर नावाच्या माणसाने वाइन तापवून जहाजाने पाठवूनही पाहिली होती, पण तापवल्याने नेमकं काय होतं, ते पाश्चरने सांगितलं. ११ एप्रिल १८६५ ला पेटंट घेतलं आणि मग ते सगळ्यांना वापरायला मोकळं सोडलं. पैसा करता आला असता, केला नाही.

आता वाइनवाले काय म्हणणार? तापवली की चव गेली! पॅरिसमध्ये चव घेणाऱ्या तज्ज्ञांची समिती बसली. त्यांना तापवलेल्या आणि न तापवलेल्या वाइनमध्ये अगदी बारीक फरक लागला, तोही प्रत्येकाला वेगळा. पाश्चरला संशय आला. त्याने एकदा दोन पेल्यांत एकच वाइन ओतून दिली. त्यांना त्यातही फरक लागला! (आमच्याकडे ब्लँक रीडिंग न घेता ग्राफ काढणारे बरेच आहेत, त्यांनी नोंद घ्यावी.) नौदलानेही प्रयोग केला. ५०० लिटर वाइन, निम्मी तापवलेली, निम्मी तशीच, दहा महिने जहाजावर समुद्रात. परत आल्यावर तापवलेली उत्तम होती, दुसरी आंबट व्हायला लागली होती.

पण त्याच पुस्तकात आणखी एक गोष्ट आहे, ती कोणी सांगत नाही. पाश्चरने काही नळ्यांत वाइन काठोकाठ भरून बंद केली आणि काहींत अर्धीच, म्हणजे वर हवा राहिली. भरलेली तशीच राहिली. हवा मिळालेली लवकर जुनी झाली, रंग बदलला, गाळ बसला. लाकडी पिंपातून हवा हळूहळू, थेंबाथेंबाने आत जाते आणि त्यामुळेच वाइन पिकते, हे त्यानेच दाखवलं. जास्त हवा म्हणजे व्हिनेगर आणि मुळीच हवा नाही म्हणजे कच्ची वाइन. म्हणजे सगळं मारून टाका, बंद करा, असं त्याचं म्हणणं नव्हतंच. त्याच्या गावची पिवळी वाइन तर सहा वर्षं तीन महिने अर्धवट रिकाम्या होत जाणाऱ्या पिंपात ठेवतात आणि तिच्यावर यीस्टची पांढरी साय धरू देतात. साय धरली तर सोनं, नाही तर व्हिनेगर. असल्या जुगारी गावातला माणूस तो.

१९ ऑक्टोबर १८६८ ला पाश्चरला पक्षाघाताचा झटका आला. वय ४५. डावी बाजू लुळी पडली. तो आता उठत नाही, असंच सगळ्यांना वाटलं. पण तो उठला, पाय ओढत चालू लागला, आणि पुढच्या हिवाळ्यात, १८६९ च्या शेवटी, बायकामुलांसह इटलीकडे निघाला. ट्रिएस्ट शहराजवळ व्हिला व्हिचेंतिना म्हणून एक इस्टेट होती, फ्रान्सच्या राजपुत्राच्या मालकीची. तेव्हा तो मुलूख ऑस्ट्रियाकडे होता, आज इटलीच्या फ्रिउली प्रांतात आहे. तिथे रेशमाच्या किड्यांना रोग पडून कित्येक वर्षं काही उत्पन्न नव्हतं. पाश्चरने मायक्रोस्कोपने तपासून निरोगी अंडी निवडली होती. त्या हंगामात इस्टेटीला फायदा झाला. तुतीच्या झाडांमध्ये आणि द्राक्षवेलींमध्ये राहून त्याने रेशीमकिड्यांवरचं पुस्तक बायकोला सांगून लिहून घेतलं.

हे मी मुद्दाम सांगितलं. कारण आज जगात नॅचरल वाइनसाठी जी थोडी गावं नावाजलेली आहेत, त्यांतलं ओस्लाव्हिया हे त्याच फ्रिउली प्रांतात आहे, व्हिला व्हिचेंतिनापासून लांब नाही. तिथले योश्को ग्राव्नर हे आधी स्टीलच्या टाक्या आणि तापमान कंट्रोल यांत सगळ्यांच्या पुढे होते. मग त्यांना त्या सगळ्याचा वीट आला आणि २००१ पासून त्यांनी जॉर्जिया देशातून मातीचे मोठाले रांजण आणून जमिनीत पुरले. त्यात द्राक्षं सालींसकट महिनोन्‌महिने पडून असतात. यीस्ट द्राक्षांबरोबर येईल तेच. शेजारच्या स्तांको रादिकोन यांनी तर सल्फाइटही सोडलं. पण ऐकायला वाटतं तसं हे आरामाचं काम नाही. पाकीट नाही म्हटल्यावर द्राक्षाचा प्रत्येक घड निरोगी पाहिजे, भांडी लखलखीत पाहिजेत. नाही तर लीलच्या टाकीत सापडलेल्या त्या काड्या हजर. पाश्चर माहीत असल्याशिवाय पाकीट सोडण्याची हिंमत होत नाही, असं माझं मत झालं आहे. आमच्या ग्रुपमध्ये यावर भांडण झालं, पण लेख मी लिहितेय.

आता द्राक्षाच्या सालीवर ते यीस्ट येतं कुठून? ही गोष्ट सगळ्यात भारी आहे.

क्लोद बर्नार हे फ्रान्सचे थोर शरीरशास्त्रज्ञ. पाश्चरचे मित्र. १८६६ मध्ये बर्नार फार आजारी होते, तेव्हा त्यांना धीर यावा म्हणून पाश्चरने वर्तमानपत्रात त्यांच्या कामाचं कौतुक करणारा मोठा लेख लिहिला होता. फेब्रुवारी १८७८ मध्ये बर्नार वारले. जुलैमध्ये बेर्तलो नावाच्या केमिस्टने बर्नारच्या टेबलात सापडलेल्या खाजगी टिपणी छापल्या. १८७७ च्या सुगीत बर्नार आपल्या मळ्यात स्वतःच काही प्रयोग करत होते. टिपणीत लिहिलेलं होतं की पाश्चर चुकला. अल्कोहोल जिवंत यीस्टशिवाय, रसातल्याच कुठल्यातरी विरघळलेल्या पदार्थाने होतं.

कल्पना करा. मित्र गेलेला. भांडायला समोर माणूस नाही. गप्प बसावं तर वीस वर्षांचं काम गेलं, बोलावं तर मेलेल्यावर वार केल्यासारखं. शिवाय जिवंतपणी बर्नार याबद्दल एक अक्षर बोलले नव्हते, याचंही दुःख. पाश्चरने ठरवलं, भांडायचं ते प्रयोगानेच.

१८७४ मध्ये त्याने आर्ब्वाजवळ एक छोटा द्राक्षमळा विकत घेतला होता. त्याला आधीच्या कामातून माहीत होतं की कच्च्या द्राक्षांच्या सालीवर यीस्ट नसतं. पिकायला लागताना ते येतं. म्हणजे वेळ थोडा होता. त्याने घाईघाईने काचघरं बनवून घेतली, आगगाडीने आर्ब्वाला नेली आणि ऑगस्टच्या सुरुवातीला, द्राक्षं हिरवी असतानाच, काही वेली त्यांच्या आत बंद केल्या. शिवाय काही घड तापवून जंतुरहित केलेल्या कापसात गुंडाळले. शेजारी उघड्यावरच्या वेली तशाच ठेवल्या. तुलनेसाठी. मग वाट पाहिली.

१० ऑक्टोबरला द्राक्षं पिकली. उघड्यावरच्या घडांचा रस काढला तो दीड-दोन दिवसांतच फसफसायला लागला. काचघरातल्या आणि कापसातल्या द्राक्षांचा रस नुसता बसून राहिला. एक बुडबुडा नाही. द्राक्ष तेच, साखर तीच, मळा तोच, ऊनही तेच. फरक फक्त बाहेरून येणाऱ्याला दार बंद होतं, एवढाच. मग त्याने आणखी एक पायरी केली. बंद घडांपैकी काही बाहेरच्या वेलींवर, उघड्या हवेत नेऊन टांगले. काही दिवसांनी त्यांचाही रस आंबला. इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर इनपुट काढलं, आउटपुट गेलं, इनपुट परत दिलं, आउटपुट परत आलं. एवढा स्वच्छ प्रयोग मी आमच्या चारही सेमिस्टरच्या जर्नलमध्ये पाहिलेला नाही.

कापसात गुंडाळलेले काही घड त्याने पॅरिसला अकादमीत दाखवायला न्यायचे ठरवले. पण प्रवासात कापूस जरा जरी सरकला तरी सगळं वाया. म्हणून बायको आणि मुलगी हे घड आगगाडीत सबंध प्रवासभर हातात सरळ धरून बसल्या. मला पाश्चरच्या चरित्रातलं हे चित्र सगळ्यात आवडतं. अकादमीत त्याने बेर्तलोला सांगितलं की घ्या, तुम्हीच यातून यीस्टशिवाय अल्कोहोल करून दाखवा. वाद मात्र संपला नाही. बेर्तलोचं म्हणणं होतं की यीस्टशिवाय रस आंबला नाही हे खरं, पण यीस्टच्या पोटात तो पदार्थ नसेल कशावरून?

आणि इथे विज्ञानाने गंमत केली. पाश्चर १८९५ मध्ये वारला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९७ मध्ये, जर्मनीत बूखनर याने यीस्ट वाळूबरोबर कुटून त्याचा रस पिळला. त्या रसात एकही जिवंत पेशी नव्हती, आणि तरीही साखरेचं अल्कोहोल झालं. ज्याला आपण एन्झाइम म्हणतो ते. म्हणजे विरघळलेला पदार्थ असतो हे बर्नारचं बरोबर होतं, आणि तो यीस्टच तयार करतं हे पाश्चरचं बरोबर होतं. बूखनरला १९०७ चं नोबेल मिळालं. दोघा मित्रांपैकी कोणालाच हे कळलं नाही, याची मला हळहळ वाटते.

पाकिटाची गोष्टही पाश्चरच्या हयातीतच सुरू झाली. १८८३ मध्ये डेन्मार्कमध्ये हान्सेनने बिअरसाठी यीस्टची एकच पेशी निवडून तिची शुद्ध पैदास केली. नाशिकला पाहिलेलं पाकीट तिच्याच वंशातलं म्हणायचं. आणि तापवण्याची युक्ती? चांगल्या वाइनमध्ये ती फारशी टिकली नाही. सल्फाइट आणि गाळणी यांनी तिची जागा घेतली. टिकली ती बिअरमध्ये आणि दुधात. ज्या दुधामुळे आपण त्याला ओळखतो, ते त्याचं मुख्य काम नव्हतंच.

काचघराच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तर आत्ता आत्ता मिळालं. बाहेरून म्हणजे कुठून? १८७८ मध्ये पाश्चर हवा आणि धूळ म्हणायचा. पण वाइनचं खरं यीस्ट हवेत फार कमी असतं. २०१२ मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या संशोधकांनी दाखवलं की ते यीस्ट गांधीलमाश्यांच्या पोटात हिवाळा काढतं. माशी पिकलेलं द्राक्ष फोडते आणि यीस्ट तिथे पोचतं. पाश्चरच्या काचघरात हवेबरोबर माश्याही शिरू शकल्या नव्हत्या! प्रयोग बरोबर होता, पाहुणा ओळखायचा राहिला होता.

त्यानंतरचं आयुष्य आपल्या रीडरमधलं आहे. कोंबड्यांचा कॉलरा, मेंढ्यांचा अँथ्रॅक्स, ६ जुलै १८८५ ला जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला टोचलेली रेबीजची लस, १८८८ मध्ये उघडलेली पाश्चर इन्स्टिट्यूट. तिथेच काम केलेले हाफकिन १८९६ मध्ये प्लेगच्या वेळी मुंबईत आले आणि परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची आहे, हे माहीत नसेल तर सांगून ठेवते.

पण एवढं जग डोक्यावर घेऊनसुद्धा उन्हाळ्याच्या सुट्टीत तो आर्ब्वालाच जायचा, वडिलांच्या त्याच घरात. घर वाढवलं, आत छोटी प्रयोगशाळा केली, खाली नदी तशीच. गावात सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी नवीन द्राक्षांचा सण असतो. सगळ्या मळ्यांतले घड एकत्र बांधून माणसाएवढा एक प्रचंड घड करतात आणि काठीवर घेऊन वाजतगाजत चर्चमध्ये नेतात. पाश्चर गावी असला की पाय ओढत त्या मिरवणुकीत चालायचा. १८९५ च्या उन्हाळ्यात त्याची तब्येत फार बिघडली होती, म्हणून त्याला आर्ब्वाऐवजी पॅरिसजवळच्या व्हिलनव्ह लेतांगला नेलं. २८ सप्टेंबरला तिथेच तो गेला. त्या वर्षीचा सण त्याच्याशिवाय झाला.